दुसऱ्याच्या मालाची पेढी

आज लक्ष्मीपूजन. संध्याकाळी खानदेशातल्या चोपडा गावच्या बाजारात दुकानांपुढे रांगोळ्या पडतील, वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक निघेल आणि सगळा हिशेब संगणकावर ठेवणारेही पूजेपुरती एक कोरी वही पाटावर मांडतील. सोने किती चढले, केळीला काय भाव मिळाला, कापूस किती भिजला, यावर आज पुष्कळ बोलले जाईल, आणि बोललेच पाहिजे. आम्हाला मात्र अशा एका धंद्याचा जमाखर्च मांडायचा आहे, ज्याची वही आता जवळपास कुठेच पुजली जात नाही. हा धंदा व्हिडिओ गेमच्या वितरणाचा.

विषय अग्रलेखाच्या जागेला हलका वाटेल. पण दिवाळीच्या खरेदीत कपडे आणि फटाके उरकले की पोरांचा तिसरा हट्ट 'टीव्ही गेम'चा असे, आणि त्या एका हट्टावर मुंबईत काही कंपन्या उभ्या राहिल्या, वाढल्या आणि दीडेक दशकात आटल्या. त्या का आटल्या याचे सोपे उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे: चोरीच्या सीड्यांनी मारले. आमचे मत तसे नाही.

वितरक म्हणजे काय, हे खानदेशाला वेगळे शिकवावे लागत नाही. हिंदी सिनेमाच्या व्यवहारासाठी देशाची जी 'सर्किट' पाडली गेली, त्यांतल्या सीपी-बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान या पट्ट्यातल्या वितरकांची आणि थिएटरवाल्यांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचे मुख्य कार्यालय भुसावळला आहे. ज्या गावाची ओळख जगाला जंक्शन म्हणून, तिथे सिनेमाच्या व्यवहाराची पेढी असावी हे ओघानेच आले. रिळांचे पत्र्याचे डबे रेल्वेने फिरत. चोपड्याला रेल्वे नाही. आमच्याकडे डबा यायचा तर तापी ओलांडून, मोटारीने. निर्मात्याला आगाऊ रक्कम द्यायची, ठरावीक रकमेची हमी घ्यायची, पोस्टर लावायचे, रिक्षावर भोंगा फिरवायचा आणि शुक्रवारी देव पाण्यात घालून बसायचे, हे वितरकाचे आयुष्य. सिनेमा पडला तर निर्माता दुसऱ्या सिनेमाला लागे, वितरक मात्र घराच्या कागदपत्रांकडे पाहत बसे.

२००५ नंतर यूएफओसारख्या कंपन्यांनी सिनेमा उपग्रहावरून थेट थिएटरात उतरवायला सुरुवात केली आणि पत्र्याचे डबे भंगारात गेले. तरी सिनेमाचा वितरक संपला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डबा गेला, पण मुलखाचे हक्क विकत घ्यायची पद्धत राहिली. अमुक पट्ट्यात हा सिनेमा मीच लावणार, हा कागद त्याच्या हातात होता. व्हिडिओ गेमच्या वितरकाच्या हातात असा कागद नव्हता, होता तो फक्त डबा. आमच्या मते त्याच्या सगळ्या कथेची किल्ली इथे आहे.

आता कथा. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला काढला. त्या नावाने तो आपल्याकडे आलाच नाही. आली ती त्याची भावंडे आणि नकला: समुराई, मीडिया, टर्मिनेटर. दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले, आत खेळ मात्र मोजून पाच-सात, तेच पुन्हा पुन्हा नव्या आकड्याने. कॉन्ट्रा, मारिओ, बदकांची शिकार. चित्र हलले की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची; हे शास्त्र खानदेशातल्या पोरांनी कुठल्याही पुस्तिकेशिवाय आत्मसात केले होते. हा माल दिल्लीच्या पालिका बाजारातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जळगावला येई आणि तिथून तालुक्याच्या गावी. आणणारा बहुधा टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा. त्याच्या काउंटरवर सोल्डरिंगचा वास आणि पोरांचा एकच प्रश्न, "नवी कॅसेट उनी का, भाऊ?" ज्यांना यंत्र परवडत नसे ते पार्लरमध्ये नाणी टाकून कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' खेळत. त्याचे हे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. देशभर तो 'मुस्तफा' या नावानेच चालला, कारण त्यातल्या एका पात्राचे नाव मुस्तफा.

अधिकृत व्यवहार तेव्हा काय करत होता? एप्रिल १९९५ मध्ये जपानच्या सेगाने आपले यंत्र भारतात विकण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला. शॉ वॉलेस म्हणजे हेवर्ड्सवाले, मद्याच्या धंद्यातले मोठे घराणे. ८० टक्के आयातशुल्काला वळसा घालण्यासाठी केलेली ही सोयरीक. एवढे करून यंत्राची किंमत राहिली १८ हजार रुपये, म्हणजे तेव्हाच्या प्राथमिक शिक्षकाचा काही महिन्यांचा पगार. शॉ वॉलेसची बाटली सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचत होती. सेगाचे यंत्र कुणी पाहिले असेल तर त्याने हात वर करावा.

खरा जोर आला तो पुढच्या दशकात. सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात आणला आणि जाहिरातीत अक्षय कुमार व युवराज सिंगला उभे केले. एप्रिल २००७ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, ३९,९९० रुपयांना. खेळ तयार करणाऱ्या परदेशी कंपन्यांची इथे कचेरी नव्हती, किंवा असली तर दोन-चार माणसांची. मग डिस्क मागवायच्या कुणी, जकात भरायची कुणी, प्रत्येक डब्यावर रुपयांतली किंमत डकवायची कुणी? ही कामे मुंबईच्या माइलस्टोन इंटरॲक्टिव्ह आणि ई-एक्सप्रेस इंटरॲक्टिव्ह या दोन पेढ्यांनी अंगावर घेतली. एकीने 'गेमफोरयू' नावाची दुकाने काढली, दुसरीने 'गेम्स द शॉप'. लँडमार्क आणि प्लॅनेट एमच्या मांडण्यांवर त्यांचे डबे चढले. नवा खेळ येण्याच्या आदल्या मध्यरात्री दुकाने उघडी ठेवणे, काउंटरवरच्या पोरांना खेळाची माहिती देणे, न खपलेला माल परत घेणे, हे सगळे त्यांनी केले. भारतात व्हिडिओ गेम हे चैनीचे का होईना, पण पावतीवर विकत घेण्याचे सामान आहे, ही कल्पना बाजारात रुजवण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परदेशी कंपन्यांनी हे काम केले नाही. त्यांनी फक्त माल पाठवला.

त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय जुन्या यंत्राला चिकटून राहण्याचा होता. जगाने प्लेस्टेशन २ मागे टाकला तरी आपल्याकडे तो स्वस्त झाल्यामुळे खपत राहिला. जगभरात १५ कोटींहून अधिक विकले गेलेले ते यंत्र. त्याच्यासाठी भारतात खेळ तयार झाले: हैदराबादच्या ऑरोनाने केलेला 'हनुमान: बॉय वॉरिअर' २००९ मध्ये, कबड्डीसारख्या देशी खेळांचा 'देसी अड्डा' त्याच सुमारास, मुंबईच्या ट्राइनचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० मध्ये. खेळ म्हणून ते सगळेच चांगले होते असे म्हणवत नाही. पण दिशा बरोबर होती. गल्लीतल्या क्रिकेटचा खेळ गल्लीतल्या पोराला विकावा हे कुणाला तरी सुचले होते. जानेवारी २०१३ च्या सुरुवातीला सोनीने प्लेस्टेशन २ चे उत्पादन थांबवल्याची बातमी आली आणि तो रस्ता तिथेच खुंटला.

या सगळ्या धामधुमीत खानदेश कुठे होता? वितरकांची दुकाने मॉलमध्ये, आणि चोपड्याला मॉल नाही. शिवाय ती सगळी वर्षे भारनियमनाची. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे आठ-दहा तास वीज नसे, तालुक्याची गावेही त्यातून सुटलेली नव्हती. खेळ अर्ध्यावर आला की पंखा थांबायचा. मेमरी कार्डावर मजल साठवायची राहिली असेल तर पोरगा महावितरणला जे बोलायचा ते इथे छापण्यासारखे नाही. अशा बाजारात तीन हजारांचा डबा विकायला मुंबईचा प्रतिनिधी कशाला येईल? आला तो जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणांहून मिळणारा दुसरा माल. यंत्रात चिप बसवून घ्यायची आणि शंभर-दीडशे रुपयांची डीव्हीडी घालायची. खराब निघाली तर बदलून मिळे, ओळखीचा असेल तर पैसे पुढच्या आठवड्यात.

चोरी ती चोरीच. कुणाच्या तरी दोन-तीन वर्षांच्या मेहनतीची ती लूट होती, आणि तिच्यावर गोड पांघरूण घालायची आमची इच्छा नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्या चोरट्या डीव्हीडीने एक गोष्ट सिद्ध केली होती: मागणी तालुक्यापर्यंत आहे, पोहोचण्याचा रस्ता आहे, उधारी वसूल होते. अधिकृत पेढीला हे सर्वेक्षण फुकट मिळाले होते. तिने ते वाचले नाही. वाचायची मुभाही तिला फारशी नव्हती, कारण डब्याची किंमत ती ठरवत नव्हती. किंमत टोकियो, पॅरिस किंवा कॅलिफोर्नियात ठरायची; वर जकात आणि कर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा खेळाचे यंत्र सर्वांत वरच्या २८ टक्क्यांच्या रकान्यात बसवले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये परिषदेने ते १८ टक्क्यांवर आणले, तोपर्यंत वितरकाच्या दुकानातले दिवे मंद झाले होते.

ते मंद केले चोरट्यांनी नव्हे, खेळांच्या मालकांनीच. २०१५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' संगणकासाठी आला तेव्हा डब्यात सात डीव्हीड्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीचे 'स्टीम' हे ऑनलाइन दुकान रुपयांत किंमत दाखवू लागले. सात डीव्हीड्या मागवून, जकात भरून, गोदामात ठेवून विकणारा माणूस एकीकडे, आणि दुसरीकडे तोच खेळ सवलतीच्या हंगामात निम्म्या किमतीत थेट घरात उतरवून देणारा खुद्द कारखानदाराचा सोबती. हळूहळू डब्यात डिस्कच्या जागी नुसता आकड्यांचा कागद यायला लागला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओचे स्वस्त इंटरनेट आले. २०१८ च्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आला, तोही फुकट, आणि चोपड्याच्या एसटी स्टँडवर एकाच वेळी चार पोरे एकाच बेटावर उतरू लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली, पुढच्या जुलैत तो नव्या नावाने परतला. या येण्या-जाण्यात कुठल्याही वितरकाला कुणी विचारले नाही. विचारण्यासारखे त्याच्याकडे काही उरलेच नव्हते. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तो दोन तऱ्हांचा, आणि त्यातल्या एकाला डिस्क घालायची फटच नव्हती.

गेमफोरयूची दुकाने मिटली. लँडमार्क, प्लॅनेट एम ही नावेही आता आठवणीत जमा. जे घडले ते खानदेशातल्या कुठल्याही बटाईदाराला एका वाक्यात कळेल. पडीक जमीन घ्यायची, दगड वेचायचे, शेणखत घालायचे, बांध धरायचे. जमीन पिकायला लागली की मालक म्हणतो, आता आम्हीच करू. बटाईदाराचा दोष एवढाच की त्याने स्वतःचे एक बिघाही कधी घेतले नाही.

हे अटळ होते का? वितरकांचे हितचिंतक तसे मानतात. त्यांनी पोलंडकडे पाहावे. १९९४ मध्ये, साम्यवाद कोसळून पाच वर्षे होत असताना, मार्चिन इव्हिन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की या वॉर्साच्या दोन तरुणांनी अमेरिकेतून खेळांच्या सीड्या मागवून विकायला सुरुवात केली. कंपनीचे नाव सीडी प्रोजेक्ट. तिथेही चोरीचा सुळसुळाट होता. वॉर्साच्या जुन्या स्टेडियमभोवतीच्या बाजारात हवी ती सीडी मातीमोल मिळत असे. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' नावाचा प्रचंड खेळ घेतला आणि सगळा पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या नटांच्या आवाजात. डब्यात नकाशा, जाड पुस्तिका, संगीताची सीडी. चोरट्याला हे सगळे नक्कल करून देणे परवडणार नव्हते. पहिल्याच दिवशी १८ हजार डबे गेले. त्या पैशावर आणि त्या अनुभवावर त्यांनी स्वतःचा खेळ करायला घेतला. आंद्जेय साप्कोव्स्की या त्यांच्याच देशातल्या लेखकाच्या कथांवरचा 'द विचर' २००७ मध्ये आला, आणि दुसऱ्यांच्या सीड्या विकणारी ती पेढी आज जगभर आपला माल विकते. ब्राझीलच्या टेकटॉय कंपनीनेही १९९१ मध्ये सेगाच्या एका खेळातले मूळ पात्र काढून तिथल्या चित्रकथांतली लाडकी मोनिका बसवली होती. दोघांनीही एकच ओळखले: माल दुसऱ्याचा असला तरी भाषा आपली घालता येते, आणि भाषा घातली की तो थोडा आपला होतो.

आपल्या वितरकांच्या डब्यांवर मराठीचे अक्षर नसे. मराठी सोडा, हिंदीही क्वचित. ज्या गिऱ्हाइकाला इंग्रजी येते तोच गिऱ्हाईक, असे गृहीत धरून धंदा मांडला गेला, आणि मग गिऱ्हाईक कमी पडले म्हणून आश्चर्य केले गेले.

पोलंड दूर वाटत असेल तर मालेगाव जवळ आहे. डीव्हीडी-व्हीसीडीच्या त्याच काळात मालेगावात हौशी मंडळी किरकोळ पैशांत चित्रपट काढत होती. त्यांच्यावरचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ चा. त्याच्या आगेमागे खानदेशी विनोदाच्या व्हीसीड्या स्टँडवर, हातगाडीवर, पानटपरीवर विकल्या जात होत्या. त्यांनाही चोरीचा मार बसला, त्यांच्याही सीड्यांचा बाजार संपला. पण त्या व्हीसीड्यांतला विनोदवीर छोटूदादा संपला नाही. तो यूट्यूबवर गेला आणि आज कोट्यवधी लोक त्याला पाहतात. अभिरुचीच्या अंगाने त्या विनोदाबद्दल आमच्या काही तक्रारी आहेत, त्या पुन्हा कधीतरी. धंद्याच्या अंगाने मात्र निकाल स्पष्ट आहे. डबा गेला तेव्हा मुंबईच्या वातानुकूलित पेढीकडे काही शिल्लक नव्हते, आणि मालेगावच्या गल्लीतल्या माणसाकडे त्याचा सगळा माल शिल्लक होता.

मधला माणूस गेला याचे आम्हाला निव्वळ दुःख नाही. मधल्या माणसाने या मुलखाला किती नाडले आहे हे केळी पिकवणाऱ्याला विचारावे. पण खेळाच्या बाबतीत त्याच्याबरोबर एक काउंटरही गेला. त्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला कुठले पोरगे कुणाचे, हे ठाऊक असे. परीक्षेच्या दिवसांत तिसऱ्यांदा कॅसेट मागायला आला तर "तुना बापले सांगू का?" एवढे पुरे होई. आज खेळ पोराच्या हातात थेट उतरतो. त्याच्यामागे रमीची जाहिरात येऊ लागली, तिच्यामागे कर्जाची. गाठ पडते ती यंत्राशी, तक्रार घेऊन जायला दार नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो एका अर्थी त्या हरवलेल्या काउंटरचे काम दिल्लीहून करण्याचा प्रयत्न आहे. कायद्याचे आम्ही स्वागत करतो. तो राबवायचे काम चोपड्याच्या पोलीस ठाण्यातला शिपाई कसे करणार, हे कायदा सांगत नाही.

दुसरी बातमी त्याच्या पुढच्या महिन्यातली. १६ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग आणि तत्सम उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. आकडा मोठा आहे, आणि अशा धोरणांचा पैसा कुठल्या दिशेने वाहतो हे आम्ही इतर उद्योगांत पाहिले आहे: आधी मुंबई, मग पुणे, मग पुन्हा मुंबई. परदेशी कंपन्यांची चित्रे रंगवून देणारे आणि चाचण्या करून देणारे हजारो हात त्यातून तयार होतील. पगार मिळतील, चांगलेच आहे. पण तीही पुन्हा दुसऱ्याच्या मालाचीच पेढी झाली, आणि तिचा शेवट कसा होतो हे वर मांडले आहे. खानदेशात कथांचा तोटा नाही. सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे, सातपुड्यातल्या पावरा मुलांची होळी आहे, कानबाईची रात्र आहे, आणि हे सगळे सांगायला अहिराणी बोली आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संगणक शिकणारी मुले आहेत. त्यांतल्या पाच-सहा जणांना दोन वर्षे पोटापाण्याची चिंता नसावी, एवढाच खर्च.

नागपूरला विधिमंडळाचे पुढचे अधिवेशन भरेल. जळगाव-धुळ्याच्या आमदारांनी तिथे कापसाचा प्रश्न तर मांडावाच. त्यानंतर वेळ उरला तर उद्योगमंत्र्यांना दोन आकडे विचारावेत: या ३,२६८ कोटींपैकी मुंबई-पुण्याबाहेर किती जाणार, आणि मराठीत किंवा अहिराणीत बोलणाऱ्या खेळांसाठी किती राखून ठेवले आहेत.